काळी खिडकी

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मधे दोन-तीन वेळा लिहायला बसलो आणि दर वेळी कुठल्या तरी पोराचा फोन आला, "मामा, सर्व्हर बंद पडलाय!" आज तो नीट चालू आहे, पोरं परीक्षेत अडकलीत आणि घरात शांतता आहे. तेव्हा म्हटलं, आज त्या सर्व्हरबद्दलच लिहावं. नातेवाईक मंडळींना यातली बरीच कथा माहीत आहे, पण माझी बाजू त्यांनी कधी पूर्ण ऐकून घेतलेली नाही :)

आधी थोडं ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी. चार जणांनी चार गावांतून एकच खेळ खेळायचा तर त्या खेळाचं जग कुठल्या तरी एका संगणकावर असावं लागतं. कोण कुठे उभा आहे, कुणी कुठली वीट काढली, कुणाला गोळी लागली, हे सगळं ठरवणारा एक जण लागतो. कधी कधी खेळणाऱ्यांपैकीच एकाचा संगणक हे कामही करतो. पण तो उठून जेवायला गेला की सगळ्यांचा खेळ संपला. म्हणून मग वेगळा संगणक ठेवतात, जो स्वतः खेळत नाही, फक्त इतरांना खेळवतो. त्याला डेडिकेटेड सर्व्हर म्हणतात. आमच्या आईला मी हे असं समजावलं की पंगतीत बसलेल्यातलाच एक जण उठून उठून वाढायला लागला तर त्याचंही जेवण होत नाही आणि इतरांचंही. म्हणून वाढपी वेगळा लागतो. तिला लगेच कळलं. मला बीएस्सीला असताना कळायला वेळ लागला होता.

माझा या प्रकाराशी पहिला संबंध आला तेव्हाच्या औरंगाबादेत, हॉस्टेलवर. काउंटर-स्ट्राइक 1.6 चे दिवस. दहा-बारा खोल्यांत वायर ओढलेली आणि कोपऱ्यातल्या खोलीत एक उघडा डबा, मॉनिटरसुद्धा नाही, त्यावर हाफ-लाइफचा डेडिकेटेड सर्व्हर. त्याला दुरून हुकूम द्यायचा एक पासवर्ड असायचा, आरकॉनचा. तो ज्याच्याकडे तो राजा. नकाशा बदलायचा त्यानं, फेरी नव्यानं सुरू करायची त्यानं, एखाद्याला हाकलायचं त्यानं. काही महिने तो पासवर्ड माझ्याकडे होता. खोटं कशाला बोलू, मला सलग तीनदा मारलं म्हणून मी एका ज्युनिअरला डस्ट-टू वरून हाकलून दिलं होतं. तो बिचारा "नेट गेलं" समजून वायर तपासत बसला. आम्ही हसलो. आज आठवलं की हसू येत नाही.

नंतर नोकरी, लग्न, जालन्याला परत. मस्तगडातलं आमचं घर तसंच होतं, खेळ मात्र सुटले होते. ते परत घरात आले 2020 साली. पोरं सगळी घरात कोंडलेली, शाळा मोबाईलवर, आणि 2 सप्टेंबरला सरकारनं पबजी मोबाईलवर बंदी घातली. बंदी बरोबर की चूक, तो वाद इथे नको. मला आठवतोय तो माझ्या भाच्याचा चेहरा. वर्षभर जमवलेलं सगळं ज्या सर्व्हरवर होतं तो कुठे आहे हे त्याला ठाऊक नव्हतं आणि विचारायचं कुणाला हेही नव्हतं. त्याला मी म्हटलं, "आपण आपला स्वतःचा सर्व्हर काढू. माइनक्राफ्टचा. तो कुणी बंद करणार नाही." मामानं असं बेधडक काही बोलू नये, हे मला नंतर कळलं.

माइनक्राफ्ट म्हणजे ठोकळ्यांचं जग. खणा, बांधा, पेरा. खेळ विकत घ्यावा लागतो, पण त्याचा सर्व्हर चालवायचा प्रोग्राम कंपनी फुकट देते. मी तेव्हा आळशीपणा केला. दर महिन्याला भाडं घेणाऱ्या एका सेवेवर सर्व्हर घेतला. ब्राउजरमध्ये छान रंगीत पॅनेल होतं. हिरवं बटण चालू, लाल बटण बंद, निळं बटण म्हणजे मागच्या बॅकअपवर परत. मला वाटलं, काय करायचंय ती काळी खिडकी उघडून? हॉस्टेलमध्ये केलं तेवढं पुरे.

पुणे, संभाजीनगर आणि जालना मिळून नऊ पोरं होती. पहिलं वर्ष झोपड्या, शेतं, मेंढ्या यात गेलं. मग माझ्या पुतणीच्या डोक्यात आलं की मस्तगडची गढी बांधायची.

आमच्या घरापासून गढी चालत चार मिनिटांवर. गॅझेटियरमध्ये तिची नोंद आहे ती अशी: आसफजाहाच्या सांगण्यावरून काबिलखानानं 1725 मध्ये गावाच्या पूर्वेला किल्ला आणि ही गढी बांधली. आकार चौकोनी, कोपऱ्यांवर अर्धगोल बुरूज, फारसी शिलालेख, आणि आत एक मोठी विहीर, तिच्या पोटात सज्जे आणि दालनं. पुढे नगरपालिकेची कचेरी त्यात आली. म्हणजे आमच्या पिढीनं गढी पाहिली ती कागद घेऊन चकरा मारायची जागा म्हणून. पुतणीला मात्र त्या विहिरीचं वेड लागलं. ती पुण्याहून रोज रात्री अप्पांना फोन करायची. "आजोबा, पायऱ्या कुठल्या बाजूनं होत्या?" "आजोबा, सज्जात माणूस उभा राहू शकायचा का?" अप्पा लहानपणचं आठवून सांगायचे, कधी नक्की, कधी ठोकून. वर्षभरात त्या दोघांचं जेवढं बोलणं झालं तेवढं आधीच्या बारा वर्षांत झालं नसेल.

2021 ची दिवाळी. सगळी पोरं मस्तगडात. भाऊबीजेच्या दुपारी अप्पा पहिल्यांदा संगणकासमोर बसले. "दाखव गं तुझी विहीर," म्हणाले. दोन मिनिटांत म्हणाले, "कठडा चुकलाय." तिनं माऊस त्यांच्या हातात दिला. तासभर लागला. दगड भलतीकडेच बसायचा, मग तो काढायचा, मग ते स्वतःच विहिरीत पडायचे आणि सगळी पोरं ओरडायची. शेवटी एका बाजूचा कठडा पूर्ण झाला. वाकडा, पण अप्पांच्या हातचा.

रात्री आम्ही सगळे गच्चीवर फटाके उडवायला गेलो. माझा भाचा पोट दुखतंय म्हणून खाली राहिला. दहा वाजता पुतणी खाली आली आणि तिनं जी किंकाळी फोडली ती शेजाऱ्यांनीही ऐकली असेल. ईशान्येचा बुरूज, तटाचा मोठा भाग आणि खालचा बाजार, सगळं उडालेलं. टीएनटी. वर आम्ही लवंगी लावत होतो आणि खाली हे चाललं होतं.

कुणी केलं हे शोधायला काही हुशारी लागली नाही. सर्व्हर सगळ्याची नोंद ठेवत नाही. कुणी कुठला ठोकळा फोडला हे मूळच्या सर्व्हरच्या नोंदीत येतच नाही. पण कोण आलं, कोण गेलं, कोण काय बोललं आणि कोण कसं मेलं, हे येतं. नऊ ते साडेनऊ या वेळात आत एकच माणूस होता आणि नोंदीत एक ओळ होती, की तो स्वतः स्फोटात उडाला :)

आता इथे माझी चूक. पुतणी रडतेय, वहिनी माझ्याकडे बघतेय, ताई भाच्याचा कान धरून उभी आहे, आणि सगळ्यांना वाटतंय की याच्या हातात काहीतरी आहे. मी रुबाबात पॅनेल उघडलं आणि निळं बटण दाबलं. बॅकअप पहाटे चारचा होता. दोन मिनिटांत गढी जशीच्या तशी उभी. टाळ्या पडल्या. मग सगळ्यात धाकट्यानं विचारलं, "काका, माझी बोट कुठंय?"

दिवाळीचा अख्खा दिवस गेला होता. नऊ पोरांचा. धाकट्याची बोट, जुळ्यांचा बोगदा आणि अप्पांचा कठडा. पॅनेलवर स्पष्ट लिहिलेलं होतं की आत्ताचं सगळं पुसलं जाईल. मीच वाचलं नाही. त्या सेवेचा यात काही दोष नाही. आत्ताच्या जगाची एक प्रत बाजूला काढून ठेवायला पाच मिनिटं लागली असती. भाच्यानं एक बुरूज उडवला होता, मी नऊ जणांचा दिवस उडवला. आणि शिक्षा फक्त त्याला झाली.

अप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "गेलं तर गेलं." दुसऱ्या दिवशी पुतणीनं परत माऊस पुढे केला तर म्हणाले, "झालं तेवढं पुरे. तू कर, मी सांगतो." ते परत बसले नाहीत.

त्यानंतर मी ते पॅनेल सोडलं. मुंबईतल्या डेटासेंटरमधला एक साधा लिनक्सचा सर्व्हर भाड्यानं घेतला, ज्यात बटण म्हणून काही नाही. मस्तगडातल्या माझ्या टेबलावरून एसएसएचनं आत शिरायचं, काळ्या खिडकीत अक्षरं टाइप करायची आणि अक्षरंच वाचायची. ब्लॉगवाल्या मित्रांपैकी काही जण तेव्हा हसले होते, आणि अजूनही विचारतात की 2020 नंतरच्या काळात हा उद्योग कशाला? त्याचं उत्तर देण्यासाठीच आजचा हा प्रपंच.

माझं मत असं की ज्याच्या हातात इतरांचं काही आहे, त्यानं निदान काही काळ तरी ते काळ्या खिडकीतून चालवावं. ती अवघड आहे म्हणून नव्हे आणि त्यात शहाणपण दिसतं म्हणूनही नव्हे. बटण दाबताना किती दाबायचं हे बटण बनवणाऱ्यानं आधीच ठरवलेलं असतं. काळ्या खिडकीत किती, कुठलं आणि कुठवर, हे तुम्हाला लिहावं लागतं, आणि लिहायचं म्हणजे आधी माहीत करून घ्यावं लागतं.

उदाहरण देतो. त्या रात्री मला वाटत होतं की 'जग' ही एक अखंड वस्तू आहे. परत आणायची तर सगळी, नाहीतर नाही. नवीन सर्व्हरवर पहिल्याच आठवड्यात जगाचं फोल्डर उघडून त्यातल्या फाइलींची यादी पाहिली आणि डोक्याला हात लावला. जग तुकड्यांत साठवलेलं असतं. प्रत्येक तुकडा 512 बाय 512 ठोकळ्यांचा, प्रत्येकाची वेगळी फाइल, आणि फाइलच्या नावातच त्याचा पत्ता. बुरूज जिथे आहे तिथले दोन आकडे घ्यायचे, 512 नं भागायचे, खालचा पूर्णांक घ्यायचा, की कुठली फाइल ते कळतं. प्राणी आणि गावकरी वेगळ्या फोल्डरात असतात, तिथलीही त्याच नावाची फाइल घ्यायची. म्हणजे त्या रात्री गढीच्या ईशान्येचा तेवढा तुकडा पहाटेचा आणून बसवता आला असता. बोट राहिली असती. बोगदा राहिला असता. विहीर त्या बुरुजापासून दूर, दुसऱ्या तुकड्यात होती. मी फाइलींचे आकडे दोनदा ताडून पाहिले. कठडा राहिला असता.

हे ज्ञान काही गुप्त नव्हतं. फक्त मला ते असण्याची गरज पडली नव्हती, कारण निळं बटण होतं.

आता यावर एक खणखणीत आक्षेप आहे आणि तो खरा आहे. काळी खिडकी तुम्हाला "नक्की का?" असंही विचारत नाही. फाइली उडवायचा हुकूम दिला की उडवून मोकळी. 31 जानेवारी 2017 ला गिटलॅब या कंपनीतल्या एका इंजिनिअरनं रात्री उशिरा चुकून भलत्याच सर्व्हरवर तो हुकूम दिला. थांबवेपर्यंत सुमारे 300 जीबीचा डेटाबेस जवळजवळ साफ झाला होता. बॅकअपच्या ज्या पद्धती आहेत असं वाटत होतं त्यातल्या बऱ्याचशा चालतच नव्हत्या हे त्या रात्री कळलं. शेवटी सुमारे सहा तासांचं काम कायमचं गेलं. तिथे तर सगळे जाणकार होते. मग माझ्यासारख्यानं जालन्यात बसून काय दिवे लावायचे?

मान्य. पण त्या कंपनीनं पुढे काय केलं तेही बघा. कुठला हुकूम, कुठल्या सर्व्हरवर, किती वाजता, हे त्यांनी सगळं जगासमोर मांडलं. मांडता आलं, कारण ते शब्दांत होतं. मी माझ्या पुतणीला काय सांगणार होतो? "निळं काहीतरी दाबलं"? आज माझ्या सर्व्हरवर मी काय काय लिहिलं याची यादी असते. ती मी पोरांना दाखवू शकतो. काही वेळा पोरंच मला दाखवतात.

आता रोजचं काम कसं चालतं ते थोडक्यात. खेळाचा सर्व्हर 'टीमक्स'मध्ये चालतो, म्हणजे मी खिडकी बंद केली, मस्तगडात लाइट गेली, तरी मुंबईत तो चालूच राहतो. बंद करायचा तर आधी 'से' लिहून सगळ्यांच्या पडद्यावर सूचना द्यायची, "पाच मिनिटांत सर्व्हर बंद होतोय, पोरांनो, सुरक्षित जागी जा." (हे मराठीत उमटतं. पहिल्यांदा उमटलं तेव्हा धाकटा नाचला होता.) मग 'स्टॉप'. तो हुकूम आधी जग जपून ठेवतो, मग बंद होतो. सरळ प्रोग्रामचा गळा दाबायचा नाही, नाहीतर शेवटची काही मिनिटं हवेत जातात. पहाटे बॅकअप घ्यायच्या आधी 'सेव्ह-ऑफ', 'सेव्ह-ऑल', मग नक्कल, मग 'सेव्ह-ऑन'. कारण लिहिणं चालू असताना नक्कल काढली तर ती अर्धवट निघू शकते. चौदा दिवसांच्या नकला ठेवतो, आणि दर महिन्याला एक नक्कल माझ्या घरच्या संगणकावर उघडून चालू होते का ते बघतो. न उघडलेला बॅकअप म्हणजे न चाखलेलं लोणचं. बरणी भरलेली दिसते, बुरशी आत.

हे यंत्राचं झालं. माणसांचे नियम तीन. मागचं परत आणायच्या आधी आत्ताचं बाजूला ठेवायचं, ते कितीही उद्ध्वस्त असो. ज्याचं जाणार आहे त्याला आधी विचारायचं. आणि जेवढं बिघडलंय तेवढंच दुरुस्त करायचं.

गेल्या मे महिन्यात याची परीक्षा झाली. कुणीतरी बाजारात लाव्हा सांडला, लाकडाची दुकानं पेटली. या वेळी अपघात होता. मी सूचना दिली, विचारलं की त्या तुकड्यात आज अजून कुणाचं काम आहे का. जुळ्यांपैकी एकीची विहिरीजवळची पायवाट होती. ती म्हणाली, "काका, ती मी परत करीन, चालेल." मग बंद केला, आत्ताचं बाजूला ठेवलं, त्या तुकड्याच्या फाइली कालच्या बसवल्या, चालू केला. सात मिनिटं. टाळ्या वगैरे काही नाही. पोरं आपापल्या कामाला लागली. खरं सांगू, दिवाळीच्या रात्रीच्या टाळ्यांपेक्षा मला हे बरं वाटलं.

हॉस्टेलवरचा तो ज्युनिअर मला हल्ली वरचेवर आठवतो. तेव्हाही माझ्याकडे काळी खिडकीच होती आणि तरी मी माती खाल्लीच. म्हणजे खिडकीनं माणूस सुधारतो असं मी म्हणणार नाही. वाढप्याच्या हातात पळी असते म्हणून पंगत त्याची होत नाही, हे कळायला खिडकी पुरत नाही, वय लागतं आणि एखादी मोडलेली विहीर लागते. पण एकदा ते कळलं की मग हात बारीक चालायला हवा, आणि तो बारीक चालवायला मला बटणांनी नाही, अक्षरांनी शिकवलं.

पुतणी आता ज्युनिअर कॉलेजात आहे. मागच्या वर्षी मी तिला सर्व्हरची स्वतःची किल्ली करून दिली. माझी किल्ली दिली नाही, तिची वेगळी, म्हणजे कोण कधी आत आलं हे कळतं. भाच्यालाही दिली. त्यावर ताई आणि वहिनी दोघींनी भुवया उंचावल्या. पण बुरूज पडला की कसं वाटतं हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक आहे? पुढच्या दिवाळीत तो आपणहून तट बांधायला बसला होता, कुणी सांगितलं नव्हतं. आता पहाटेचा बॅकअप नीट झाला का हे तोच बघतो आणि मला सकाळी एका शब्दाचा मेसेज करतो, "झाला."

आणि कठडा? तो पुतणीनं परत बांधला. तिला प्रत्येक दगड आठवत नव्हता, पण आठवेल तसा, मुद्दाम वाकडा. मग लॅपटॉप घेऊन अप्पांपुढे बसली. अप्पांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं.

"माझा एवढा वाकडा नव्हता," म्हणाले.

त्यावर आमच्याकडे अजून वाद चालू आहे. बॅकअप नाही, त्यामुळे निकाल लागणार नाही.

असो. फार लांबलं. तुमच्यापैकी कुणी घरच्यांसाठी, मित्रांसाठी असं काही चालवत असेल तर जरूर कळवा, आणि आज रात्री एकदा बॅकअप उघडून बघा.

ता. क. - ताई, हे वाचून भाच्याला परत ओरडू नकोस. ती फाइल आता बंद झाली आहे.